बोटभर अंतरावरचं लोखंड

जे आता लिहिते आहे ते माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणींजवळ नाही, देवापुढेसुद्धा नाही — तिथंही मी हात जोडते आणि दुसरंच काहीतरी मागते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण त्या भाषेत झालं. पण हे त्या भाषेत घडलेलं नाही. ते एका शब्दानं घडलं, आणि तो शब्द मराठी होता.

तो शब्द पुढं येईलच. आधी बाकीचं सांगते.

मी नागपूरला वसतिगृहात राहून शिकले आणि आता तिथल्याच एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत असताना दर उन्हाळ्यात आई मला मेडशीला मामांकडे घेऊन जाई. मामा शेतकरी. घरात मामी आणि त्यांची एकुलती एक मुलगी मंजुळा — माझ्याच वयाची. मला त्या घरात काय बोलावं ते कधी सुचलं नाही. मी तोंड उघडलं की शेजारणी हसत. माझं बोलणं पुस्तकातलं, भाकरी कुठल्यातरी देशाच्या नकाशासारखी, आणि डोक्यावर घागर घेतली की निम्मं पाणी पाठीवर. मी उंबऱ्याशी पाठ टेकून बसे आणि बघत राही. एवढंच मला येत होतं — बघत राहणं. मंजुळा मात्र माझ्याजवळ येऊन बसे, माझी वेणी सोडून परत घाले, आणि मी काही बोलले नाही तरी तिचं चाले. तिच्याइतकी आपली अशी मैत्रीण मला नागपूरलाही मिळाली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. मी कुणा परक्याचं वाईट केलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी एक चुंबक घेऊन गेले होते. चुंबक म्हणजे काय, तर अंगठ्याएवढा लोखंडी बोल्ट, त्यावर सुती वेष्टणाची तांब्याची तार गुंडाळलेली, आणि तारेची टोकं विजेरीच्या सेलांना जोडलेली. तार जोडली की बोल्ट लोखंड ओढतो, सोडली की टाकून देतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात शिकवलं होतं आणि ते मला इतकं आवडलं की उरलेली तार मी मागून घेतली.

मामींची गोधडी शिवायची सुई कापडाच्या थरांत हरवली होती. पाहुण्यांची लेकरं त्यावर झोपणार, म्हणून मामी सगळी शिवण उसवायला बसल्या. मी गोधडीवरून बोल्ट हळूहळू फिरवला आणि एका जागी चादर टोकाला चिकटून जरा वर आली. तिथं सुई होती. चादर पातळ, सुई अगदी वरच्या थराखाली — म्हणून निघाली. पण हे तेव्हा कोण विचारतं?

"पाहून घ्या बापा! इमलनं खिळ्यानं सुई काढली!" मामी दारातून ओरडल्या. मेडशीत मी विमल नव्हते, इमल होते.

"काहून वं, इंग्रजी शाळंत सुया काढाले शिकवतेत काय?" शेजारची म्हातारी म्हणाली. "भाकर तं अजून गोल येत नाई तुले."

सगळ्या हसल्या, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. त्या माझ्याभोवती बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कुणी बिबे ठेवायचा डबा घेऊन आलं, त्यात टाचण्या सांडल्या होत्या. कुणी तांदळात पडलेला खिळा. मी काढून दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या घरात कामाची होते. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मलाही आज वाटतं.

आता एक गोष्ट मध्येच सांगावी लागेल, कारण ती मला तेव्हा माहीत होती, आणि सगळं त्यावरच आहे.

बाईंनी वर्गात दोन चुंबक ठेवले होते. एक माझ्या बोल्टाएवढा, दुसरा मनगटाएवढ्या लोखंडाचा, त्याच्यावर तारेची मोठी रीळच. टाचणी टोकाला टेकवली तर दोन्ही ती तितक्याच घट्ट धरत. मुली म्हणाल्या, मग मोठ्याचा उपयोग काय? बाई हसल्या आणि त्यांनी टाचणी व चुंबक यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकेक करून सरकवायला सुरुवात केली. थोड्याच तुकड्यांत लहान चुंबकानं टाचणी सोडली. मोठ्यानं लाकडी पाटाच्या पलीकडची धरून ठेवली. आम्ही लहान बोल्टाला आणखी सेल जोडून पाहिले. थोडी ओढ वाढली, मग वाढेना. तार मात्र हाताला चटका बसेल इतकी तापली. बाई म्हणाल्या, लोखंड एकदा भरलं की भरलं. आणखी लांबून ओढायचं तर लोखंडच मोठं हवं, त्यावर वेढे जास्त हवेत. चुंबकाची खरी पोच साधारण त्याच्या टोकाच्या जाडीएवढी. त्याच्या पुढं ओढ भराभर विरते. जवळून लहान आणि मोठा सारखेच वाटतात. फरक कळतो तो अंतरावर.

मग त्या आम्हाला डोळ्यांच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथं रांजणाएवढा चुंबक होता, एका बाजूला निमुळतं टोक. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यांत लोखंडाचे कण घुसतात, ते काढायला. डॉक्टरांनी आम्हाला पिना, किल्ल्या बाजूला ठेवायला सांगितल्या. माझी केसांतली एक पिन राहिली होती. वीतभर अंतरावरूनच ती केसांतून सरकायला लागली — कुणीतरी मागून हळूच ओढावी तशी. मुली किंचाळल्या. डॉक्टर म्हणाले, कण लवकर काढला तर डोळा वाचतो. आत राहिला तर दुखत नाही फारसं, पण लोखंड ते लोखंड. डोळा आतून गंजतो.

हे सगळं मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. वर्गात पहिली येत होते मी.

मंजुळाचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं. शेलूबाजारची मंडळी, घर मोठं, शेती भरपूर. मामांकडे एक रीत आहे. लग्नाची हळद दळायच्या आधी जात्याला टाकी लावून घेतात — म्हणजे पाथरवटीण येते आणि झिजून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडते — आणि पहिले ठोके पडताना नवरीनं जात्यावर हात ठेवून बसायचं. तिचाच संसार दळला जाणार, म्हणून तिचा हात. मंजुळा बसली. उजवा हात जात्यावर, मान खाली, चेहरा दगडावर. पाथरवटीण ठोके घालत होती आणि बायका गात होत्या.

मंजुळानं एकदम डोळा मिटला.

रक्त आलं नाही. थोडं पाणी आलं. पाथरवटिणीनं छिन्नी उजेडात धरून पाहिली, तिच्या टोकाचा टवका उडाला होता. तिनं तो मामांना दाखवला आणि स्वतःच रडू लागली. मामांनी मंजुळाची पापणी वर केली. बुबुळाच्या कडेला एक बारीक टोचा, बस.

"काई नाई वं, जरासंक टोचलं," मंजुळा म्हणत होती.

मामा उठले. "अकोल्याले नेतो. सांजची मोटार हाय."

"लगन तोंडावर आलं अन् पोरीले दवाखान्यात?" मामी म्हणाल्या. "शेलूबाजारले कळलं तं काय म्हणतीन थे लोकं? पोरीच्या डोळ्यात फूल हाय म्हणतीन."

मामा उभेच राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"इमल, तुह्या चुंबकानं निघन काय वं?"

मी काय म्हणायला हवं होतं? मला उत्तर माहीत होतं. नागपूरला चला, तिथं मोठा चुंबक आहे, लग्न थोडं पुढं ढकला. माझ्या बोल्टाची पोच बोटभरही नाही, आणि कण किती आत गेलाय ते कुणाला माहीत? एवढं बोलायचं होतं. तेवढं मला मराठीतही बोलता आलं असतं.

मी आत गेले आणि चुंबक घेऊन आले.

मंजुळाला तिथंच ओसरीवर, जात्यापाशी, उजेडाकडे तोंड करून बसवलं. मामींनी तिचं डोकं धरलं. मी पापणी वर केली आणि बोल्टाचं टोक डोळ्याजवळ नेलं — अगदी जवळ, तिच्या पापण्यांचे केस बोल्टाला लागले. तार जोडली. काही झालं नाही. आणखी सेल जोडले. तार तापली, माझी बोटं भाजली. काही झालं नाही. मंजुळा हलली नाही. तिला काय वाटत होतं? तिनं मला विचारलं, "दिसून राह्यला काय?" मी म्हटलं, थांब. पुन्हा नेलं. ओसरीवर सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मी चुंबक खाली ठेवला. जात्याच्या बाजूला छिन्नीचा कीस पडला होता, त्यातला एक कण त्याला चिकटला —

नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हे असंच सांगत आले, आणि आता लिहितानाही हात त्याच वाटेनं गेला. चुंबक मी ठेवला नाही. माझी पाठ लोकांकडे होती, मामींची नजर मंजुळाच्या डोळ्यावर. तार जोडलेलीच होती. मी हात जात्याकडे नेला आणि बोल्टाचं टोक त्या किसात टेकवलं. टेकवताना मी पाहत होते. टोकाला बरेच कण लागले, ते मी अंगठ्यानं पुसले आणि एकच ठेवला, बरोबर दिसेल असा. मग पुन्हा डोळ्याजवळ नेला, क्षणभर धरला, आणि बाहेर काढला.

"निघाला!" मामी ओरडल्या. "निघाला ना वं?"

"हो," मी म्हटलं.

तो हा शब्द.

मामांनी कण तळहातावर घेतला, उजेडात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका मला कवटाळत होत्या. भाकरीवरून हसणाऱ्या म्हातारीनं माझ्यावरून बोटं मोडली. मामींनी तो कण कुंकवाच्या करंड्यात ठेवला — अशी वस्तू टाकायची नाही म्हणाल्या. आणि मला — हे लिहायला हवं — मला आनंद झाला. अपराधी वगैरे वाटलं ते फार नंतर. तेव्हा आनंद झाला.

संध्याकाळची मोटार अकोल्याला निघून गेली. तिचा भोंगा आम्हाला घरात ऐकू आला.

हळदीच्या दिवशी मंजुळा माझ्या कानाशी म्हणाली, "इमल, अजून बी टोचून राह्यलं वं."

"जखम आहे," मी म्हटलं. "राहील थोडे दिवस."

ते माझ्यावर सोडून ती पिवळे हात तोंडावर धरून हसली. पुढं लग्न झालं, ती सासरी गेली, मी नागपूरला. तेव्हाही वेळ होती. एक कार्ड लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी अभ्यास केला.

पुढल्या दिवाळीला ती माहेरी आली. आम्ही अंगणात समोरासमोर बसलो होतो आणि तिनं चेहरा उन्हाकडे केला. उजव्या डोळ्याचं बुबुळ तांबूस झालं होतं — पावसात राहिलेल्या खिळ्यासारखं. डावं काळंभोर. मी डॉक्टरांचं वाक्य इंग्रजीत आठवलं, जसं ऐकलं होतं तसंच. तिला त्या डोळ्यानं धूसर दिसत होतं. ती म्हणाली, तिकडचे वैद्य काजळ घालायला देतात. मी म्हटलं, घाल.

त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत तो डोळा गेला.

तिचे सासरे तिला घेऊन मेडशीला आले ते मी तिथं असतानाच. ओसरीवर बसले, पाण्याला हात लावला नाही.

"डोळा खराब असलेली पोरगी आमच्या गळ्यात बांधली तुमी," ते म्हणाले. "लगनाआधी काहीतरी झालतं, आमाले कळलं."

मामांना मी कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. बांधाचं भांडण असो, वाटणी असो, गावातली माणसं मामांना बोलवत. ते म्हणाले की झालं. ते आत गेले, करंडा घेऊन आले आणि तो कण काढून त्यांनी सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला.

"झालतं. लपवलं, थे चुकलं माह्यं. पण डोळा खराब नवता. कण उडाला, माह्या भाचीनं काढला, म्या या डोळ्यानं पाह्यला. पोरीची शपथ घेतो. थे काय, बसली हाय, इचारा तिले."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्या साडीतली, शहरातली, शिकलेली मुलगी. मंजुळा दाराआड उभी होती, मला तिचा पदर दिसत होता. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? मामांनी मला घराबाहेर काढलं असतं, कदाचित. मंजुळाला नागपूरला नेलं असतं; डोळा परत आला नसता, पण तो का गेला हे सासरच्यांना कळलं असतं. ती आंधळी जन्मली नाही, तिच्या बापानं फसवलं नाही, फसवलं ते मी — एवढं तरी. तिचा संसार टिकला असता का? मला माहीत नाही. मी तो टिकवायचा प्रयत्न केला नाही, हे माहीत आहे.

"काढला होता ना वं?" मामांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

सासऱ्यांनी तो कण बोटानं उलटा केला. "मंग गेला काहून?" ते म्हणाले, आणि उठले. ते मंजुळाला तिथंच ठेवून गेले. पुढं तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. मामांना कुणी तोंडावर खोटं म्हटलं नाही. पण बांधाच्या भांडणाला बोलावणं येईना, आणि मामाही ओसरीवर बसायचे बंद झाले. त्यांनी मुलीची शपथ घेतली होती आणि मुलीचा डोळा गेला होता; गावानं त्याचा अर्थ आपला लावला. मामा वारले तेव्हा मी मेडशीला होते. ते शेवटपर्यंत मला "माह्यी डाकतरीण" म्हणत.

मी शाळेत दरवर्षी मुलींना चुंबक करायला शिकवते. लहान बोल्ट, मोठं लोखंड, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे. लहान चुंबक टाचणी सोडतो तेव्हा मुली हसतात. मी त्यांना सांगते की जवळून दोन्ही सारखेच वाटतात. हा धडा मी चांगला शिकवते, असं म्हणतात.

मंजुळा मेडशीतच राहते. कण अजून करंड्यात आहे. ती तो फेकू देत नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारणीच्या नव्या सुनेला ती ही गोष्ट सांगत होती आणि मी ऐकत होते. "इमलनं तवा थो काढला म्हून हा दुसरा तरी राह्यला," ती म्हणाली, "नाई तं दोनीबी गेले असते." आणि तिनं माझा हात शोधला, धरला.

मी तिच्याकडे गेले की तिच्या उजव्या बाजूला बसते. तिथून तिला मी दिसत नाही.